शिव्या खा, मोठे व्हा

चांगलं लिहून नाव मिळवण्याचा मार्ग अजून बंद झालेला नाही. त्यावर टोल नाही, गर्दी नाही आणि बऱ्याच दिवसांत तिकडे कोणी फिरकलेलंही नाही, एवढंच. ज्यांना एकांताची आवड आहे त्यांनी तो जरूर धरावा. हा लेख उरलेल्यांसाठी आहे.

समजा, रत्नागिरीचा एक तरुण आहे. त्याला कातळशिल्पांचं वेड आहे. सुट्टीच्या दिवशी तो दुचाकी काढतो, उक्षी, बारसू, देवीहसोळ, कशेळी असा सड्यासड्याने उन्हात फिरतो, जांभ्यात कोरलेली चित्रं टेप लावून मोजतो आणि रात्री इंटरनेटवर त्याबद्दल लिहितो. २०२२ साली या शिल्पांना युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत जागा मिळाली, हेही लिहितो आणि वर आधार देतो. त्याला एक वाचक आहे. त्याची मावशी. ती मजकूर न उघडता हृदयाचं चिन्ह टाकते आणि खाली विचारते, "जेवलास का रे?"

आता याच तरुणाने एका संध्याकाळी टेप बाजूला ठेवून एवढंच लिहिलं की उकडीचा मोदक हा मुळात पदार्थच नाही, ती कोकणी माणसाने हट्टाने जपलेली गैरसमजूत आहे, खरा मोदक तळणीचा. सकाळी उठून बघतो तो दापोलीपासून न्यू जर्सीपर्यंत आग. एका निवृत्त अधिकाऱ्याने त्याच्या जन्मगावाची चौकशी सुरू केलेली. कुणीतरी त्याचे संस्कार काढलेले, कुणीतरी त्याच्या आईच्या हाताला चव नसावी असा निष्कर्ष काढलेला. मधल्या मध्ये घाटावरचे लोक त्याच्या बाजूने उतरून कोकण्यांशी जुनी देणीघेणी चुकती करायला लागलेले. मावशीनेही या वेळी सगळं वाचलं. जेवलास का, हे मात्र विचारलं नाही.

एका वाक्यात जे झालं ते दोन वर्षांच्या भटकंतीने झालं नव्हतं. कारण उघड आहे. कौतुक करायचं तर आधी वाचावं लागतं. निषेधाला ती अट नाही. निषेधाला फक्त पुढे पाठवावं लागतं.

हे शास्त्र नवं नाही. आपल्याकडे एक संस्कृत श्लोक पिढ्यान् पिढ्या सांगितला जातो, त्यात प्रसिद्धीचे तीन उपाय आहेत: मडकी फोडणं, कपडे फाडणं आणि गाढवावर स्वार होणं. काही संशयी लोकांना तो उपरोध वाटतो. मला त्यात उपरोधाचा मागमूसही दिसत नाही. तो व्यवहारी माणसाने लिहिलेला सल्ला आहे आणि त्यात खर्चाचा चढता क्रम पाळलेला आहे. मडकं सर्वांत स्वस्त, कपडा त्याहून महाग आणि गाढवाची व्यवस्था म्हणजे भांडवली गुंतवणूक. मडकं कुणाचं, हे श्लोकात सांगितलेलं नाही. दुसऱ्याचं, हे कवीने सुज्ञांवर सोडलं असावं. पूर्वी गाढवाची सोय सरकारातून होत असे. धिंड काढायची तर चुना, काजळी, ढोल सगळं दरबारच्या खर्चाने. आता हे ज्याचं त्याने बघायचं, म्हणून स्वावलंबन वाढलंय. राहता राहिला श्लोकाचा कवी. इतकं सुबक लिहिलं की शेकडो वर्षं ते लोकांच्या तोंडी राहिलं, आणि त्याचं नाव कुणालाही विचारा, सांगता येत नाही. चांगलं लिहिलं की असं होतं.

याउलट हिरोस्ट्रॅटस बघा. इसवी सन पूर्व ३५६ मध्ये, आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या एफेसस नगरात या गृहस्थाने आर्टेमिस देवीचं देऊळ पेटवलं. जगातल्या सात आश्चर्यांत ज्याची गणना होते ते देऊळ. का पेटवलं, असं विचारल्यावर त्याने सांगितलं की आपलं नाव व्हावं म्हणून. इतका प्रामाणिक जबाब आजकाल मिळत नाही; आज तो म्हणाला असता की पुरातन वास्तूंच्या अग्निसुरक्षेबद्दल समाजात जागृती व्हावी म्हणून. एफेससच्या लोकांनी चिडून ठराव केला की यापुढे त्याचं नाव कुणी उच्चारायचं नाही. इतिहासकार थिओपॉम्पसने ते नाव लिहून ठेवलं आणि तेवीसशे वर्षांनंतर आज ते मराठी मासिकातही छापून येतंय. हे देऊळ बांधायला १२० वर्षं लागली असं प्लिनी सांगतो. जाळायला एक रात्र पुरली. वेळेच्या नियोजनावर व्याख्यानं देणाऱ्यांनी हे उदाहरण का घेतलं नाही, कळत नाही. बांधणाऱ्यांची नावंही सांगून ठेवतो, खेर्सिफ्रोन आणि त्याचा मुलगा मेटागेनेस. दोन परिच्छेदांनंतर ती तुम्हाला आठवणार नाहीत. वाईट वाटून घेऊ नका, मलाही दर वेळी शोधावी लागतात. आणि बंदीचा तो ठराव कुणी मांडला, कुणी अनुमोदन दिलं, याची नोंदच नाही. सद्वर्तनी माणसांची कार्यवृत्तांच्या बाबतीत अशीच हेळसांड होत आलेली आहे.

ज्यांना श्लोक आणि ग्रीक चालत नाहीत, ज्यांना आकडे लागतात, त्यांच्यासाठी अमेरिकन विद्यापीठांनी काम करून ठेवलंय. जोना बर्जर, ॲलन सोरेन्सन आणि स्कॉट रासमुसेन या तिघांचा २०१० सालचा एक निबंध आहे. न्यूयॉर्क टाइम्समध्ये पुस्तकाची वाईट परीक्षणं आली की विक्रीचं काय होतं, हे त्यांनी तपासलं. नावाजलेल्या लेखकाची विक्री सुमारे १५ टक्क्यांनी घटते. अपरिचित लेखकाची सुमारे ४५ टक्क्यांनी वाढते. कारण असं की काही दिवसांनी लोक शिवी विसरतात, नाव तेवढं डोक्यात राहतं. दुकानात गेल्यावर ते नाव ओळखीचं वाटतं, आणि ओळखीचं वाटलं की माणूस खिशात हात घालतो. हा निबंध मराठी लेखकांनी देवघरात ठेवावा असा आहे. अपरिचित असण्याची जी अट त्यात आहे ती आपल्यापैकी बहुतेक जण कसलेही कष्ट न घेता पूर्ण करतात.

आपल्या मागच्या पिढीला हे गणित कळलं नव्हतं असं नाही, पण त्यांनी ते अर्धवट वापरलं. १९६२ सालच्या 'रंभा'च्या दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' आली. ती अश्लील आहे म्हणून खटला भरला गेला. दिवाळी अंकातलं लिखाण साधारण तुळशीच्या लग्नापर्यंत टिकतं, हे संपादकही खासगीत कबूल करतात. हे मात्र पायरी पायरीने चढत सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९६९ साली निर्दोष ठरून परत आलं. सात वर्षं! दिवाळी अंकातला मजकूर दिल्लीच्या न्यायमूर्तींनी काळजीपूर्वक वाचावा, एवढं भाग्य कुठल्या संपादकाने आपल्या लेखकाला मिळवून दिलंय? ते मिळवून दिलं तक्रारदाराने. मानधनही न घेता.

विजय तेंडुलकरांचं उदाहरण मी नवोदितांना देत नाही, त्याने त्यांचा गैरसमज होतो. १९७२ साली 'सखाराम बाइंडर'वर बंदी आली, दिग्दर्शक कमलाकर सारंग उच्च न्यायालयात जाऊन भांडले, जिंकले, पुढे त्या काळावर त्यांनी 'बाइंडरचे दिवस' हे अख्खं पुस्तक लिहिलं. गदारोळ म्हणाल तर उत्तम प्रतीचा. पण तेंडुलकरांनी एक अव्यवहार्य गोष्ट करून ठेवली होती. त्यांनी आधी नाटक लिहिलं होतं. ते पन्नास वर्षांनंतरही करून बघावंसं वाटतं, यावरून किती मेहनत वाया गेली असेल याचा अंदाज येतो. निळू फुले आणि लालन सारंग यांनीही त्यात जीव ओतला. आज इतकं करावं लागत नाही. बंदीयोग्य काहीतरी येणार आहे असं जाहीर केलं तरी भागतं, प्रत्यक्ष काही यायलाच हवं असं नाही.

गदारोळाचं हे शुद्ध रूप ज्याने शिखराला नेलं तो माणूस लेखक नव्हता, चष्मे विकणारा होता. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात राहणारा व्हिटाली बोर्कर. त्याचं डेकोरमायआइज नावाचं इंटरनेटवरचं दुकान होतं. एकदा त्याच्या लक्षात आलं की गिऱ्हाइकं चिडून तक्रारींच्या संकेतस्थळांवर त्याच्याबद्दल लिहितात तेव्हा त्या प्रत्येक तक्रारीत त्याच्या दुकानाचं नाव येतं, दुवा येतो, आणि गूगलला एवढंच दिसतं की या दुकानाबद्दल बरंच काही बोललं जातंय. तक्रारी वाढल्या तसं दुकान शोधाच्या यादीत वर चढलं. दुसरा एखादा असता तर त्याला लाज वाटली असती. बोर्करने उत्पादन वाढवलं. तो गिऱ्हाइकांना फोनवर शिव्या घालायचा, धमक्या द्यायचा, पैसे परत मागितले तर आणखी शिव्या. एका बाईला तर तिच्या इमारतीचा फोटो पाठवून दिला, घर ठाऊक असल्याचं कळावं म्हणून. ग्राहकसेवेत इतकं व्यक्तिगत लक्ष हल्ली कोण देतं?

२०१० च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्क टाइम्सच्या बातमीदाराने त्याला गाठलं तेव्हा त्याने काही लपवलं नाही. हे आपलं तंत्र आहे, लोकांनी वाईट बोलावं हीच इच्छा, असं त्याने मोकळेपणाने सांगितलं. बातमी आली आणि जगभर गाजली. दुकानाचं नाव आता ज्यांना चष्मा लागत नाही त्यांनाही कळलं. इथे आमचा नायक एका बाबतीत कमी पडला असं नाइलाजाने म्हणावं लागतं. आपल्या यशाचं रहस्य त्याने अशा वर्तमानपत्राला सांगितलं जे गूगलमधले लोकही वाचत होते. त्यांनी थोड्याच दिवसांत शोधाची पद्धत बदलल्याचं जाहीर केलं, डिसेंबरात पोलीस आले आणि २०१२ साली न्यायालयाने चार वर्षांची शिक्षा दिली. सुटून आल्यावर त्याने पुन्हा चष्मेच विकले, पुन्हा त्याच पद्धतीने, आणि २०१७ साली पुन्हा पकडला गेला. काही लोक याला अपयश म्हणतात. मला त्यात तत्त्वनिष्ठा दिसते. आणि या सगळ्यात एक गोष्ट कुणाच्या लक्षात आलेली दिसत नाही, की चष्मे बरे होते की वाईट याबद्दल फारसं कुणी बोलतच नाही. मालाचा दर्जा हा प्रश्नच त्याने चर्चेतून बाद करून टाकला. लेखकाला याहून मोठं स्वातंत्र्य कोणतं?

आता मराठी मुलखात हा धंदा काढायचा तर चिडण्याची क्षेत्रं ठाऊक हवीत. सुदैवाने आपली जमीन यासाठी फार कसदार आहे. नुसत्या मिसळीवर माणूस वर्षभर गुजराण करू शकतो: कोल्हापूरची, पुण्याची, नाशिकची, ठाण्याची, पाव की ब्रेड, फरसाण की शेव, दही घालावं की घालणाऱ्याला हद्दपार करावं. विदर्भातल्या वाचकासाठी सावजीचा तिखटपणा ही अफवा असल्याचं लिहावं. पु. ल. आपल्याला कधी हसवू शकले नाहीत, असं वर्षातून दोनदा लिहिता येतं, ८ नोव्हेंबरला आणि १२ जूनला. अधेमधे लिहू नये, पीक वाया जातं. २७ फेब्रुवारीला मराठी मरणार असं लिहावं, आणि त्यात 'आणि' हा शब्द निदान तीनदा दीर्घ लिहावा. यावर सदाशिव पेठेतून ज्या दुरुस्त्या येतात त्यांची बरोबरी कोणतीही जाहिरात करू शकत नाही. त्या दुरुस्त्यांत आणखी कुणाला तरी चूक सापडते, मग ते दोघे आपसात लढतात आणि लेखकाला दुपारची झोप मिळते.

काही वाटांना मात्र जाऊ नये, हे वडीलकीच्या नात्याने सांगतो. इतिहासपुरुष, देवदैवतं, जातीपाती. त्यातून मिळणारी प्रसिद्धी कमी असते असं नाही. पण तिथे चिडलेला माणूस प्रतिक्रिया लिहीत नाही, पत्ता विचारतो. शिवाय पत्ता चुकला तर भलत्याच्याच काचा फुटतात, आणि प्रसिद्धी त्या भलत्याला मिळते.

या उद्योगातले खरे कामकरी चिडणारे लोकच आहेत, आणि त्यांच्याबद्दल कृतज्ञता व्यक्त करायची राहूनच जाते. ते पगार मागत नाहीत, रजा घेत नाहीत, रात्री दोनलाही कामावर हजर असतात. कधी कधी तर मूळ मालकाला पत्ताही नसताना ते धंदा उभा करून देतात. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याची धूप नोंदवण्यासाठी केनेथ ॲडेलमन या गृहस्थाने हेलिकॉप्टरमधून बारा हजारांवर छायाचित्रं काढून इंटरनेटवर ठेवली. त्यातल्या एकात गायिका बार्ब्रा स्ट्रायसँड यांचा बंगला दिसत होता. त्यांनी २००३ साली पाच कोटी डॉलरचा दावा ठोकला. दावा होईपर्यंत ते चित्र सहा वेळा उतरवून घेतलं गेलं होतं, आणि त्यांपैकी दोन वेळा खुद्द बाईंच्या वकिलांनी. दाव्याची बातमी झाल्यावर एका महिन्यात चार लाखांहून अधिक लोक ते बघायला आले. वर न्यायालयाने छायाचित्रकाराच्या वकिलांचा खर्चही बाईंनाच द्यायला लावला. किनाऱ्याच्या धुपेबद्दल लोकांना तोवर काडीचंही कुतूहल नव्हतं. नंतरही झालं नाही, पण बंगला सगळ्यांनी पाहिला.

कंपन्यांनीही या श्रमिकांची कदर केली, हे नोंदवायला हवं. फेसबुकने २०१७ पासून रागाच्या चेहऱ्यासकट सगळ्या नव्या चिन्हांना अंगठ्याच्या पाचपट वजन दिलं होतं, असं त्यांच्याच अंतर्गत कागदपत्रांवरून २०२१ साली बाहेर आलं. म्हणजे एक चिडलेला माणूस बरोबर पाच खूश झालेली माणसं, असा अधिकृत विनिमयदर होता. २०२० साली हा दर शून्यावर आणला गेला. ज्यांनी तीन वर्षं मन लावून राग केला त्यांना कुणी नुकसानभरपाई दिल्याचं ऐकलं नाही. यूट्यूबने २०२१ साली नापसंतीचा आकडा प्रेक्षकांपासून झाकला, तोही एक धक्काच होता. लोक एखाद्या गाण्याखाली केवळ तो आकडा वाढताना बघायला जात असत. पण २०२३ मध्ये एक्सने प्रतिसादांत दिसणाऱ्या जाहिरातींच्या उत्पन्नातून लिहिणाऱ्यांना वाटा द्यायला सुरुवात केली आणि धंदा पुन्हा सावरला. शिवीला रोख भाव आला. पैसे लिहिणाऱ्याला मिळतात, शिवी देणाऱ्याला नाही. शिवी देणारा तत्त्वासाठी लढतो, आणि आपल्याकडे तत्त्वाचे पैसे घेणं बरं दिसत नाही.

हा मार्ग शेवटी कुठवर जातो, असं काही भित्रे लोक विचारतात. पार शेवटपर्यंत जातो आणि तिथून परतही येता येतं. २ फेब्रुवारी २०२४ रोजी पूनम पांडे या अभिनेत्रीच्या इन्स्टाग्राम खात्यावर तिचं गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने निधन झाल्याचं जाहीर झालं. वय अवघं ३२. लोक हळहळले, वाहिन्यांनी बातम्या दिल्या. दुसऱ्या दिवशी तीच व्हिडिओत आली आणि आपण ठणठणीत आहोत, या रोगाबद्दल जागृती व्हावी म्हणून हे केलं, असं म्हणाली. निधनाच्या बातमीच्या आदल्याच दिवशी, म्हणजे १ फेब्रुवारीला, अर्थमंत्र्यांनी अंतरिम अर्थसंकल्पाच्या भाषणात ९ ते १४ वर्षांच्या मुलींच्या याच रोगाविरुद्धच्या लसीकरणाला प्रोत्साहन देण्याची घोषणा केली होती. त्यावरून घराघरांत भांडणं झाल्याचं ऐकिवात नाही. पूनमबाईंवरून झाली. एखादी तरुण स्त्री जिवंत आहे हे कळून सबंध देश इतका संतापल्याचं दुसरं उदाहरण मला ठाऊक नाही. ज्यांच्या घरात हा आजार खरोखर होता त्यांचं काय झालं असेल, असं काहींनी विचारलं. मोहिमा आखताना अशी माणसं मोजायची पद्धत नाही, ती प्रेक्षकसंख्येत येतच नाहीत.

या युक्तीची एकच अडचण आहे. माणूस दुसऱ्यांदा मेला तर कुणी विश्वास ठेवत नाही. एकूणच या क्षेत्रात दर वेळी मागच्यापेक्षा मोठं मडकं लागतं. मोदकाची गैरसमजूत एकदा जाहीर झाली की पुढच्या आठवड्यात पुरणपोळी घ्यावी लागते, मग आमरस, मग आजीची सगळी पाककला, आणि मग आजी. मध्येच कातळशिल्पांवर काही लिहिलं तर लोक गोंधळतात. यात कुणावर टीका आहे, असं विचारतात. नाही म्हटलं तर फसवणूक झाल्यासारखं तोंड करतात आणि निघून जातात. पण हाही फायद्यातच धरायला हवा. जो भांडायला येतो तो भांडण संपलं की दुसऱ्या भांडणाला जातो. त्याला पुन्हा तोंड दाखवायचं नसतं, त्याचा विश्वास सांभाळायचा नसतो, तो पुढच्या वर्षी अधिक शहाणा होऊन येईल ही भीती नसते. वाचक नावाची जी कटकट होती ती कायमची मिटते. विश्वास जातो म्हणणाऱ्यांना तर माझं एकच सांगणं आहे, की जो तुमच्यापाशी नव्हताच तो जाणार कसा? पंधरा टक्के घटतात ते ज्यांनी आयुष्यभर काहीतरी जमवलं त्यांचे. ही चूक ज्यांनी केलेली नाही त्यांनी निर्धास्त असावं.

राहिला माफीनामा. नवोदित लोक इथे हमखास चुकतात. त्यांना वाटतं की माफी मागितली की प्रकरण संपतं. खरं म्हणजे तो प्रकरणाचा दुसरा भाग असतो आणि त्याला पहिल्याइतकेच प्रेक्षक मिळतात. पूनम पांडेंच्या प्रकरणात मोहिमेतल्या जाहिरातसंस्थेनेही माफी मागितली होती, आणि त्या माफीचीही बातमी झाली. माफी शक्यतो पांढऱ्या भिंतीसमोर बसून, दाढी न करता मागावी. 'कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर' हा 'तर' अत्यंत महत्त्वाचा, तो विसरू नये. दुखावल्या आहेत असं मान्य केलं तर ती खरी माफी होते आणि मग तिच्यावर कुणी चिडत नाही. आवाज मध्येच भरून यावा, पण शब्द कळतील इतपतच. तिसऱ्या दिवशी, माफी मागायला आपल्याला भाग पाडलं गेलं, असं सांगावं. चौथ्या दिवशी माफी मान्य नसलेले आणि मागितल्याबद्दल संतापलेले असे दोन गट एकमेकांना भिडतात, तेव्हा लेखकाने गावाला जाऊन यायला हरकत नाही.

माफीचा मसुदा गुन्ह्याच्या आधीच तयार असलेला बरा. ऐन गर्दीत शब्द सुचत नाहीत, आणि घाईत माणूस खरं बोलून जाण्याचा धोका असतो. या लेखासाठीचा माझा मसुदा लिहून झालाय, 'तर' योग्य जागी घातलाय, दिनांक तेवढा रिकामा आहे. आधी सावजीवाले चिडतात की सदाशिव पेठ, ते कळलं की वरचं नाव घालून पाठवून देतो.